मैनेचं फॅट

डेअरीवरच्या कल्याणला माणसाच्या तोंडाकडे बघून त्याच्या दुधाचं फॅट कळतं, असं भोरवस्तीवर सगळे म्हणत. ही थट्टा आहे हे एकट्या कल्याणलाच माहीत नव्हतं. कोल्हारपासून प्रवरेच्या काठाने तीन किलोमीटर आत गेलं की वस्तीची दूध डेअरी लागते. तिथे तो सोळा वर्षं फॅट तपासतोय. नमुना यंत्राच्या नळीला लावायचा, लाल आकडे थांबले की मोठ्याने वाचायचे आणि संगणकात टाकायचे. चिठ्ठ्या छापणारं मशीन गेल्या वर्षी बंद पडलं, तेव्हापासून चिठ्ठीही तोच हाताने लिहून देतो.

आकड्यापुढे त्याने सख्ख्या मामाचीही गय केली नव्हती. मामाच्या म्हशीला साडेतीन फॅट लागलं तेव्हा, "मामा, औंदा तुमच्या हिरीला पानी बरं दिसतंय," असं तो चारचौघांत म्हणाला होता, आणि मामाने पुढची दोन वर्षं त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. कल्याणचा नियम एकच होता. आकडा हलत असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. यंत्रात आकडा पाचावर दिसतो, सहावर जातो, पुन्हा साडेपाचावर येतो. जो थांबेल तो खरा.

असा हा माणूस विमानाच्या नादी लागला.

विमानाचा खेळ सोपा आहे. मोबाईलमध्ये आधी पैसे लावायचे. मग एक लाल विमान उडतं आणि ते वर जाईल तसा एकपासून आकडा वाढत जातो, दीड, दोन, पावणेतीन. 'काढा' असं लिहिलेलं बटण दाबलं की तेवढ्या पटीने पैसे परत. पण विमान कधी भुर्रकन निघून जाईल याचा काही नेम नाही. तुमचं बटण दाबायच्या आधी ते गेलं, तर लावलेलं सगळं गेलं. लाखो लोक हा खेळ पैशासाठी खेळत असतील. कल्याण मात्र आकड्यांसाठी बसला. पूर्णांक, टिंब आणि पुढे दोन लाल अंक, हे बघून त्याला घरच्यासारखं वाटलं.

तो नुसता खेळला नाही, त्याने खेळाची रीतसर तपासणी चालवली. एक पूर्णांक शून्य दोनला विमान गेलं की तो मनात म्हणायचा, निव्वळ पाणी. चारला गेलं तर गाईचं. सातच्या पुढे गेलं की त्याचा ऊर भरून यायचा, कारण ते अस्सल म्हशीचं, तेही सरकीच्या पेंडीवरच्या. संध्याकाळच्या धारेला फॅट जास्त लागतं, म्हणून तो डेअरीचं संध्याकाळचं दूध गेल्यावरच खेळायचा. वहीत तारीखवार आकडे, पुढे शेरा. एके दिवशी विमानाने लागोपाठ सहा वेळा दोनच्या आत मान टाकली, तेव्हा त्याने शेरा मारला: पुरवठादारास समज द्यावी.

आणि एवढा अभ्यास करून हा गडी एकदाही जिंकला नाही. कारण सोळा वर्षांची सवय. आकडा हलतोय तोवर त्याचा अंगठा जागचा हलायचा नाही. विमान तीनवर, पाचवर, आठवर गेलं तरी हा आपला आकडा थांबायची वाट बघत बसलेला. आकडा थांबायचा तो विमान गेल्यावरच. मग कल्याण मोठ्याने वाचायचा, "आठ पूर्णांक चार," आणि दाबायला काहीच उरलेलं नसायचं.

पैसे कुठले, तर मैनेचे. मैना म्हणजे त्याच्या बायकोची, पंकजाची म्हैस. पंकजाच्या आईने तिला रेडकू असताना पाठवलेली, पंकजाने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. दर दहा दिवसांनी मैनेच्या दुधाचा पगार कल्याणच्या हाती पडायचा आणि चिठ्ठीसकट तो घरी जायचा. पहिल्या वेळी पैसे कमी भरले तेव्हा त्याला एकच कारण सुचलं. "मैनेचं फॅट उतरलंय," तो म्हणाला. डेअरीच्या दप्तरात खरा आकडा ठेवून घरच्या चिठ्ठीवर त्याने सात पूर्णांक सहाचं सहा पूर्णांक एक केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. पण ते फक्त चिठ्ठी लिहून होईपर्यंत.

मग काय, विमान पडायचं आणि मैनेचं फॅट घसरायचं. पाच. पावणेचार. पावणेचारला मैना कागदोपत्री गाय झाली. पंकजाने तिला मेथी शिजवून घातली, गूळ घातला. शेजारच्या केशरबाईंनी मिरच्या ओवाळून दृष्ट काढली आणि मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर आहे, असा निकाल दिला. गुरांचा डॉक्टर आला, त्याने मैनेची जीभ ओढून पाहिली, चिठ्ठ्या उलटसुलट पाहिल्या आणि असा प्रकार आपल्या पुस्तकात नाही म्हणाला. तोवर फॅट दोनावर आलं होतं. पंकजा सगळं ऐकून घ्यायची, चिठ्ठी खिळ्याला अडकवायची आणि कल्याणच्या भाकरीवर तुपाची धार धरायची. धार जाड होती. कल्याण ती पुसून खायचा, आणि त्याचं लक्ष मोबाईलमध्ये असायचं.

चिठ्ठीवर शून्य पूर्णांक नऊ लिहून झाल्यावर मात्र प्रकरण वस्तीच्या बाहेर गेलं. डेअरीचे चेअरमन बिभीषण आप्पा यांना यात वस्तीचं नाव दिसलं. फॅट नसलेलं दूध थेट म्हशीतून येतंय, असं राज्यात दुसरीकडे कुठे आहे, असं ते विचारत सुटले. दप्तर उघडून बघावं हे त्यांना सुचलं नाही, कारण कल्याणच्या आकड्यावर संशय घ्यायची वस्तीत रीतच नव्हती. आप्पांनी मैनेच्या गोठ्यापर्यंत मुरूम टाकायचा ठराव मांडला. डॉक्टरने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि एक दिवस पुण्याहून एक मनुष्य पंकजाला फोन करून मोकळा झाला. तो व्यायाम करणाऱ्या लोकांना दूध पुरवत होता. मशीनने फॅट काढण्याचा त्याचा खर्च मोठा होता. अशी म्हैस मिळाली तर बाजारभावाच्या तिप्पट द्यायला तो तयार होता.

पंकजाने कल्याणला सांगितलं की शुक्रवारी तो टेम्पो घेऊन येतोय. त्याचं नाही जमलं तर त्याच दिवशी घोडेगावच्या गुरांच्या बाजारात न्यायची, बिनफॅटाची म्हैस दावणीला ठेवून करायचं काय. हे सांगताना ती मैनेच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्याच्यापुढे एकच वाट होती. एकदा विमान सात पूर्णांक सहावर असताना बटण दाबायचं, गेलेलं भरून काढायचं आणि मैनेचं फॅट एका रात्रीत सुधारलं म्हणून चिठ्ठी लिहायची. गुरुवारी संध्याकाळी डेअरी रिकामी झाल्यावर त्याने होतं नव्हतं ते लावलं. विमान उडालं. तीन, पाच, सहा. सातला त्याचा अंगठा बटणावर आला. सात पूर्णांक सहा डोळ्यांसमोरून गेलं. आठ गेलं. 'दाब की रे,' तो स्वतःला म्हणत होता, पण आकडा हलत होता, आणि हलता आकडा वाचायचा कसा? अकरा पूर्णांक दोनला विमान गेलं. एवढं फॅट त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने वहीत लिहिलं, शेरा मात्र सुचला नाही.

शुक्रवारी सकाळी डेअरीपुढे टेम्पो उभा राहिला. मागे मैना बांधलेली, तिच्या शिंगांना आप्पांनी झेंडूची माळ घातलेली. पांढऱ्या बुटातल्या पुण्याच्या माणसाने पैसे मोजायच्या आधी डोळ्यांदेखत फॅट बघायचं ठरवलं. पंकजाने नमुन्यापुरती ताजी धार काढून किटली कल्याणपुढे ठेवली. आप्पा, डॉक्टर, केशरबाई सगळे यंत्राभोवती दाटले.

कल्याणने नमुना लावला आणि आकड्यांवर आडवा हात धरला. आता ते फक्त त्यालाच दिसत होते. शून्य पूर्णांक नऊ एवढं म्हटलं की सुटला. सोळा वर्षं त्याच्या शब्दावर इथे कुणी यंत्र बघितलं नव्हतं. नाव राहिलं असतं, गेलेले पैसे भरून निघाले असते, वर उरले असते. बाहेर टेम्पोतून मैनेने मान काढून जवळ जाऊन उभ्या राहिलेल्या पंकजाचा पदर तोंडात धरला, आणि पंकजा तो सोडवून घेत नव्हती.

आकडे हलत होते. सहा, आठ, साडेसात. मग ते थांबले.

त्याने हात काढला. "सात पूर्णांक आठ," तो म्हणाला. "पयल्यापासून हेच हुतं. चिट्ट्या मी खोट्या लिवल्या. पैसं मी इमानात घातलं."

आप्पांना आधी वाटलं हा विमानाने कुठे जाऊन आला. पुण्याचा माणूस आकडा बघून दोन पावलं मागे सरला. सात पूर्णांक आठ, एवढी चरबी, असं म्हणत त्याने मैनेकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिनेच त्याला फसवलं होतं. म्हैस उतरवून घ्या म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. माळ तेवढी आप्पांनी परत मागितली.

सगळे पांगल्यावर कल्याण यंत्र धूत राहिला. धुतलेलं पुन्हा धूत होता. पंकजा दारात उभी होती. तुला किती फसवलं मी, असं काहीसं तो खाली मान घालून पुटपुटला.

"घरात दोन बोटं साय धरतीया रोज," पंकजा म्हणाली. "बरणी तुपानं भरली, दुसरी काढली. मला कळंना व्हय फॅट किती हाय ते?"

कल्याणने वर पाहिलं. मग आधीच का बोलली नाही, असं त्याने विचारलं.

"तुमचा आकडा कुटं थांबतोय ते बघत हुते," ती म्हणाली. "इकत तर मी तिला जन्मात न्हवते. पर टेम्पो चालू झाला असता ना, तर तिच्यासंगं मी बी बसून गेले असते. माघारी आले नसते मंग."

तिने कल्याणच्या खिशातला मोबाईल काढून आपल्या कमरेला खोचला, त्याला दारात बांधलेल्या मैनेपाशी नेलं आणि त्याच्या हातात रिकामी बादली दिली. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या धारा तपासणाऱ्या या माणसाने स्वतः एकदाही धार काढली नव्हती, आणि मैना परक्या हाताला लाथ मारते हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

"काढा," पंकजा म्हणाली.

आणि यावेळी कल्याणने वाट बघितली नाही. तो लगेच खाली बसला.