वीब्रिखची शेगडी

"शांती आहे?"

"आहे."

एवढंच असतं. मी चालिंग, इथला पाळक, बाकांमधून चालत जातो, प्रत्येकापुढे थांबतो आणि विचारतो. सगळ्यांनी 'आहे' म्हटलं, तर पुढच्या रविवारी भाकर मोडायची. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर मोडायची नाही. फ्रीसलंडच्या या किनाऱ्यावर आमच्या मंडळीत कुणी कुणाच्या 'नाही'वर पाय देऊन प्रभुभोजनाला बसत नाही.

पहिलं बाक.

"शांती आहे, हिस्के?"

"आहे. पण आउकेकाकाला सांग, प्रवचन चालू असताना पेपरमिंट कडाकडा फोडू नकोस म्हणावं. माझी शांती तेवढ्यावरच अडली आहे."

"तुझ्या घोरण्यावर उपाय आहे तो," आउके मागून म्हणाला. "आहे, चालिंग, माझीही आहे. पुढे हो."

लोक हसले. हसणं पहिल्या बाकापुरतंच असतं. दुसऱ्या बाकाच्या टोकाशी वीब्रिखची जागा आहे.

*

वीब्रिखनं 'नाही' म्हटलं होतं.

समुद्राचं पाणी बांधावरून आत आलं ती दुपार. तिचा नवरा हायो गाई सोडवून परतत होता. सगळ्यात जवळचं उंच टेकाड सीत्सेच्या घराचं. सीत्से म्हणजे वीब्रिखच्या धाकट्या बहिणीचा, रैन्स्केचा नवरा. पाणी ओसरल्यावर हायो सीत्सेच्या उंबऱ्यालाच सापडला, थंडीनं गोठलेला. त्याच्या बोटांची पेरं सोलवटली होती.

सीत्से म्हणाला, "वारा किती होता! मला काही ऐकू आलं नाही."

वीब्रिख म्हणाली, "मला त्याला शिक्षा नको. ऐकलं होतं, एवढंच त्यानं म्हणावं."

सीत्सेनं म्हटलं नाही. मग दर वसंतात, दर प्रश्नाला, तिचं 'नाही'. सगळे तिची मनधरणी करत. मंडळीसाठी म्हण. लेकराबाळांसाठी म्हण. ती पाय शेकायच्या शेगडीवर टेकवून बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघत 'नाही' म्हणायची, अगदी हळू, दूध नको म्हणावं तसं.

एका हिवाळ्यात ती वारली.

*

इथे कथा संपायला हवी होती. 'नाही' म्हणणारी गेली, मग 'नाही'ही गेलं.

"गेलंच की," आउके म्हणाला. "मेलेल्या माणसाला शांती नाही तर कुणाला आहे?"

"असं?" हिस्के म्हणाली. "मग मेलेल्यांनी दिलेला होकारही गेला. तुझ्या आजोबांनी या मंडळीत हात उंचावून जे जे कबूल केलं, ते सगळं पुसून टाक. सोपं आहे."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे..."

"माझ्याशी नको बोलूस. तिच्याशी बोल."

आमची माणसं अशी. शेजारगावात असं झालं असतं तर पाळकानं हात झटकून भाकर मोडली असती. आम्ही 'नाही' इतकं जपतो, की ते म्हणणारं माणूस मातीत गेलं तरी ते मागे घ्यायचा हक्क दुसऱ्या कुणाला देत नाही. अर्धी मंडळी एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. मंडळी दुभंगू नये म्हणून मी प्रश्न पुढे ढकलत राहिलो. भाकर तशीच राहिली.

आणि तिच्या जागेखाली शेगडी.

भोकं पाडलेली लाकडी पेटी, आत निखाऱ्यांचं बोळकं. थंडीच्या रविवारी हिस्के बायकांच्या शेगड्या भरते आणि जिच्या तिच्या जागेखाली सरकवते. वीब्रिखची पेटी मागच्या खोलीत उंच फळीवर ठेवलेली. पण प्रार्थना सुरू व्हायच्या वेळी ती दुसऱ्या बाकाखाली असायची. गरम.

"मी भरत नाही," हिस्के म्हणाली. या विषयावर ती विनोद करत नाही.

*

रैन्स्केच्या छातीत पाणी झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. सीत्सेनं कॉफी आणली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"चालिंग, एकदा भाकर खायची आहे. तुम्हा सगळ्यांबरोबर."

"मी इथे घेऊन येतो, मावशी."

"इथे? अंथरुणात, एकटीनं? ती भाकर कसली? तो नाश्ता झाला."

मी मनाशी ठरवलं. या वर्षी विचारायचं, आणि रिकाम्या जागेपुढून थांबल्याशिवाय जायचं. घरोघर जाऊन सांगितलं. म्हातारीसाठी, म्हटलं. कुणी हरकत घेतली नाही. हिस्केसुद्धा म्हणाली, "जा बाबा. मी खाली बघेन."

*

तर, दुसरं बाक.

वारा सकाळपासून होता. रैन्स्केला खुर्चीत बसवून आणलं होतं, तिच्या मागे सीत्से. मी पाऊल उचललं. शेगडीची धग माझ्या घोट्यांना लागली. पाऊल पडेना.

मी थांबलो. विचारणार नव्हतो, पण तोंडून गेलं.

"शांती आहे, वीब्रिख?"

          .

हिस्के खाली बघत राहिली.

          .

मग दारावर थाप पडली. पुन्हा पडली. बोटांच्या पेरांनी मारावी तशी, कमी कमी होत जाणारी.

मुलं आयांना बिलगली. आउके अर्धवट उठला.

"वारा आहे," सीत्से म्हणाला. "बस खाली. वारा आहे."

रैन्स्केनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, कित्येक वर्षांत तिनं त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशीही तू हेच म्हणालास."

"रैन्स्के."

"मी कडी काढायला उठले होते. तू म्हणालास, वारा आहे, दार उघडलंस तर पाणी आत येईल. मी परत बसले. भरतकाम हातात घेतलं. थापा थांबेपर्यंत टाके घातले." ती माझ्याकडे वळली. "विचार मला."

"मावशी, आधी जरा..."

"तुझं काम आहे ना ते? विचार."

तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. 'आहे' एवढं म्हणाली असती तर पुढच्या रविवारी भाकर तिच्या हातात होती.

"शांती आहे, रैन्स्के?"

"नाही."

थाप पुन्हा पडली.

सीत्से उठला. बाकांमधून चालत गेला, मोठा धिप्पाड माणूस, पण गुडघ्याएवढ्या पाण्यातून जावा तसा. त्यानं कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं. बाहेर काय होतं ते त्याच्या पाठीमुळे आम्हाला दिसलं नाही. 

"ऐकलं होतं," तो बाहेर बघत म्हणाला. आमच्याकडे तोंड न करता.

दिवे विझले. कुणी दार लावायला गेलं नाही. गारठा आत येत राहिला, बायकांनी शाली ओढून घेतल्या.

मी वीब्रिखच्या जागेपुढे पुन्हा उभा राहिलो. पुन्हा विचारलं. वाट पाहिली.

"घाई करू नकोस," रैन्स्के म्हणाली. "ती एवढी थांबली. आता आपली पाळी."

"पण मावशी, तुझी भाकर..."

ती खुर्चीतून वाकली, हिस्केनं धरलं म्हणून पडली नाही. बहिणीच्या शेगडीवर तिनं तळहात ठेवला, ज्वर बघावा तसा, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.