माझ्या पोटातला रतिलाल

मला फुकटचा म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी टू-इन-वन आहे. रेडिओही मीच आणि टेपही मीच. गेली नऊ वर्षं अमळनेरच्या लिलाबाईच्या घरात गव्हाच्या कोठीवर बसून आहे. माझ्या अंगावर जपानचं नाव छापलंय, ते खोटं आहे. मी दिल्लीच्या एका गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली जन्मलो. हे मी लपवत नाही. लपवणारे दुसरे होते, आणि त्यांच्यातल्या एकाला मी अजून सोडलेलं नाही.

त्याचं नाव रतिलाल. राहणारा धुळ्याचा, लिलाबाईचा चुलत दीर. एकोणनव्वद साली पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं जळगावात स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एक खोली घेतली आणि दारावर पाटी लावली, ‘घरबसल्या भेट योजना’. फॉर्म भरा, पैसे भरा, सभासद व्हा. मग ओळखीतले चार सभासद आणून द्या की टू-इन-वन फुकट. त्या चौघांनी आणखी चार-चार आणले की तुम्हाला दर महिन्याला घरबसल्या उत्पन्न. हे सगळं तो छान पुस्तकी मराठीत सांगायचा. गळ्यात टाय, सफारीच्या खिशात तीन पेनं. गिऱ्हाईक गेलं की टाय सैल करायचा आणि अहिराणीत बोलायचा. खरं बोलायचं असलं की त्याला अहिराणीच लागायची.

तर त्या खोलीत त्यानं मला खोक्यातून काढलं. कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं, ‘हॅलो, हॅलो’ केलं. माझं काम तपासायचं होतं. तेवढ्यात चहा आला आणि त्याचा भागीदार छगन आला. लाल बटण दाबलेलंच राहिलं. मी नवाकोरा होतो, हौसेनं ऐकत होतो. माझ्यासारखा ऐकणारा कुणी नसतो. मी ऐकलं की ते राहतं.

रतिलाल माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणाला, “हाऊ डबा सहा महिना वाजना तरी बहुत शे. असा एकच डबा देवाना, लिलावहिनीले. तिना घर कानबाई बसस, दहा घरं रोट खावाले येतस. रोटाना गहू मोजताना ती फॉर्म काढी, मंग कोन नही म्हनी?”

छगननं विचारलं, “आनि त्या दहा घरस्ले काय भेटी?”

“काय बी नही. दिवाळीले आपन आठे ऱ्हावाव नही.”

“बोंब व्हयनी त?”

“फॉर्मवर नाव वहिनीनं शे. मनं नही.”

दिवाळीला इथून गाशा गुंडाळायचा आणि बोल वहिनीवर, एवढं ठरवून दोघं हसले. मग त्याचं लक्ष माझ्या फिरणाऱ्या चाकांकडे गेलं. त्यानं बटण बंद केलं, कॅसेट मागे फिरवली, पालटून दुसऱ्या बाजूला पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर ‘गाणी’ असं लिहिलं. काय भरलंय ते ऐकून बघायचा कंटाळा केला. मला डबा म्हणाला त्याचा राग होताच. पण मला आमिष करून एका बाईच्या घरात सोडायला निघाला होता, तो राग मोठा होता.

कानबाईचं खानदेशाबाहेर फारसं ठाऊक नसेल म्हणून सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला नदीवर जाते. तिचा प्रसाद म्हणजे रोट. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून रोट करायचे आणि भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. बाहेरच्याला घासभरही द्यायचा नाही, उरू द्यायचे नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडते तो आपला. भावाभावांत कितीही वाकडं आलं तरी रोटाला माणूस येतोच. म्हणूनच रतिलालला ती यादी हवी होती. अशी पक्की यादी त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

लिलाबाईला मी मिळालो तेव्हा तिचा आनंद मी पाहिला आहे. नवरा, यादवराव, तेलाच्या मिलमध्ये कामाला. घरात विजेची वस्तू म्हणजे दोन दिवे आणि एक पंखा. तिनं मला ओच्यानं पुसलं, कोठीवर ठेवलं, माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. तिची सासू आक्काबाई कानबाईची गाणी सांगण्यात साऱ्या गल्लीत पहिली. लिलाबाईनं चिठ्ठीची बाजू वर धरून कॅसेट घातली आणि आक्काबाईला माझ्यासमोर बसवलं. म्हातारीनं डोळे मिटून अर्धा तास गाणी म्हटली. मग मी ती वाजवून दाखवली.

“हाई कोन म्हातारी गाई ऱ्हायनी?” आक्काबाईनं विचारलं.

“तुम्हीच शेतस, आक्का.”

“मना आवाज इतला भारी शे?” असं म्हणून म्हातारी लाजली. पुढे रोज दुपारी ती स्वतःला ऐकायची. दुसरी बाजू लिलाबाईनं कधीच लावली नाही. कॅसेट पालटली तर आक्कांचा आवाज पुसला जाईल, अशी तिची समजूत होती. त्या एका समजुतीपायी रतिलाल वर्षभर माझ्या पोटात सुखरूप राहिला.

लिलाबाईला मी सर्वस्वी निर्दोष म्हणणार नाही. उत्पन्नाचं स्वप्न तिलाही पडलं होतं. श्रावणात गहू मोजायला दहा घरच्या बायका आल्या, तेव्हा तिनं मला मोठ्या आवाजात लावलं आणि सुपाशेजारी फॉर्म ठेवले. “हाई देखा, माले भेटना. तुमले बी भेटी,” म्हणाली. बायकांनी मला हात लावून पाहिलं. कानबाईचे गहू मोजायला बसलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? दहाही घरांनी फॉर्म भरले. ‘परिचय देणाऱ्याचे नाव’ या रेघेवर दहा वेळा लिलाबाईचं नाव आलं. मी वर बसून वाजत होतो. ती लाज माझ्या अंगावरून अजून उतरलेली नाही.

दिवाळीला यादवराव जळगावला जाऊन आले. लॉजच्या खोलीत आता एक दात काढणारा डॉक्टर बसत होता.

रतिलाल मात्र पळाला नाही. तो पळाला असता तर बरं झालं असतं. तो एकेका घरी गेला, पंच्याने डोळे पुसले आणि म्हणाला, मलाही दिल्लीवाल्यांनी बुडवलं. वर हेही म्हणाला, “मी वहिनीले सांगेल व्हतं, भाऊबंदले यामा घालू नका. तिले डबाना मोह व्हयना.” लोकांनी मान डोलावली. डबा तर लिलाबाईच्याच घरात होता, सगळ्यांनी पाहिलेला.

पौषात आक्काबाई गेली. दहाही घरं आली, उभ्या उभ्या आली, चहाचा घोटही न घेता गेली. लिलाबाईनं मला महिनाभर लावलं नाही. मग एके दिवशी लावलं आणि सासूचा आवाज ऐकत कोठीला टेकून रडली. त्या दिवशी मी ठरवलं. सहा महिने वाजेल म्हणाला होता ना? मी वाजणार होतो, पुढच्या श्रावणापर्यंत तरी नक्कीच.

श्रावण आला. लिलाबाईनं गहू मोजायचा सांगावा धाडला. बायका आल्या नाहीत. तिनं एकटीनंच अकरा घरांच्या मुठी मोजल्या, नावं घेत घेत. भाऊबंदांत सगळ्यांत वडील आधारनाना. त्यांनी निरोप पाठवला की औंदा आमचे रोट धरू नका. म्हणजे कानबाई बसणार, रोट होणार, आणि ते खायला कुणी नाही. रोट उरणं म्हणजे काय, ते खानदेशातल्या बाईला विचारा. तिचं घर भाऊबंदांतून उठलं, असाच त्याचा अर्थ.

रविवारी संध्याकाळी एकच भाऊबंद आला. रतिलाल. टोपी घालून, बायको कुंदाबाईला घेऊन. ओसरीवर बसून, सगळ्या भाऊबंदांची समजूत आपणच घालणार अशा थाटात मोठ्यानं म्हणाला, “मी समजावस बठ्ठास्ले. वहिनीनी चूक पोटमा घाला म्हनस.” लिलाबाई खाली मान घालून त्याच्यासाठी चहा करायला उठली. मी कोठीवर होतो. माझ्या पोटातला रतिलाल आणि समोरचा रतिलाल यांच्यात सात-आठ हातांचं अंतर होतं.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. लिलाबाईच्या डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली कानबाई. मागं गाणाऱ्या बायका हव्यात, त्या नव्हत्या. म्हणून तिनं भोंगेवाल्या वनाला सांगितलं, “आक्कास्नी गानी लाव.” वनानं मला हातगाडीवर ठेवलं, माझ्या तोंडाला माइक बांधला, भोंगा वर चढवला. पुढं टोपीवाला रतिलाल चालत होता. गल्लीत दहाही दारं लोटलेली होती.

वनानं बटण दाबलं. आक्काबाईच्या पहिल्या गाण्याची पहिली ओळ निघाली, आणि मी कॅसेटची पट्टी चावली.

मुद्दाम चावली. चाकात ओढली, गुंडाळली, चुरगळली. आक्काबाईचं पहिलं गाणं मी खाल्लं, हे मला ठाऊक आहे. पण रतिलाल पट्टीच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला धक्का लागणार नव्हता. वनानं शिव्या देत पट्टी बाहेर ओढली, पेन्सिल घालून गुंडाळली. म्हणाला, “हाई बाजू गयी, वहिनी. दुसरी लावस.” डोक्यावर कानबाई, लिलाबाईला वळता येईना. ती ‘नको’ म्हणेपर्यंत त्यानं कॅसेट पालटली, मागे नेली आणि भोंगा पूर्ण सोडला.

“हॅलो, हॅलो,” रतिलाल म्हणाला. पुढचा रतिलाल थबकला.

मग डबा आला. मग लिलावहिनी आली, कानबाई आली, रोटाचे गहू आले. मी आयुष्यात इतका स्वच्छ कधी वाजलो नव्हतो. कागदी स्पीकरातून मी एकेक अक्षर वेगळं काढून दिलं. ‘दिवाळीले आपन आठे ऱ्हावाव नही’ ला पहिलं दार उघडलं. ‘फॉर्मवर नाव वहिनीनं शे’ ला बाकीची उघडली. त्या दोघांचं हसणं गल्लीभर घुमलं, तेव्हा बायका उंबऱ्यावर उभ्या होत्या.

रतिलाल गाडीकडे धावला. आधारनाना ओट्यावरून म्हणाले, “हात लावू नको रे. वाजू दे.”

लिलाबाई तशीच उभी होती, ताठ, डोक्यावर पाट. ती पाठमोरी असल्यानं चेहरा मला दिसला नाही. आवाज ऐकू आला. “वना,” ती म्हणाली, “पह्यलेपाइन लाव.”

वनानं पहिल्यापासून लावलं. ती एकेका दारासमोर थांबली. दहा दारं, दहा वेळा. रतिलाल कितव्या दाराला गल्लीतून नाहीसा झाला ते मी मोजलं नाही, मला तेवढी उसंत नव्हती. बोरी नदीपर्यंत पोचलो तेव्हा मागं गाणाऱ्या बायका होत्या.

त्या दिवशी रोट पुरले नाहीत. बुडालेले पैसे काही कुणाला परत मिळाले नाहीत, पण लिलाबाईच्या घराला पुन्हा कुणी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी दहा घरच्या बायका गहू मोजायला बसल्या. रतिलालच्या दोन मुलांच्या मुठी पडल्या. त्याचं नाव आलं तेव्हा लिलाबाईनं मूठ उघडली नाही. तेव्हापासून सात श्रावण त्याची मूठ पडली नाही. दर वेळी मी वरून पाहत होतो आणि दर वेळी मला बरं वाटलं.

आक्काबाईच्या गाण्याबद्दल वाईट वाटतं. त्या जागी आता नुसती खरखर आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा चावीन.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. माझी मोटर दोन वर्षांपूर्वी गेली. रेडिओ तेवढा लागतो, तोही खाकरत. कॅसेट पोटातच आहे. परवा धुळ्याहून रतिलालची बायको कुंदाबाई आली. गव्हांच्या सुपासमोर बसली आणि खडे निवडू लागली. मग म्हणाली, “त्यास्नं आंग लुळं पडनं. वाचा गयी. तीन महिना व्हयनात, एक शब्द नही.” माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “त्यास्ना आवाज कोठेच नही, वहिनी. तुमना कॅसेटमा शे. काय बोलनात ते जाऊ द्या. माले फक्त आवाज ऐकना शे.”

लिलाबाईनं सूप पुढं ओढलं. मग तिनं कोठीत हात घातला, सव्वा मूठ गहू काढले, रतिलालचं नाव घेतलं आणि सुपात टाकले. तो तिचा अधिकार आहे. मी तिला बोलणार नाही.

उठून तिनं मला खाली घेतलं, रुमाल काढला आणि कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबलं. कॅसेटचं दार उघडलं नाही. पुन्हा दाबलं, नखानं खरवडलं, हातानं ठोकलं. “जुनं व्हयनं ना, अटकी गयं,” ती कुंदाबाईला म्हणाली.

अटकलेलं नाही. मी धरून ठेवलंय.

उद्या वना माझे स्क्रू खोलायला पेचकस घेऊन यायचा आहे. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल तर माझं एवढं काम करा, त्याला चहाला बसवा, गप्पांत गुंतवा, येऊ देऊ नका. रतिलाल धुळ्यात मुका पडून आहे आणि त्याचा आवाज इथे, त्यानं ज्याला डबा म्हटलं त्याच्या पोटात आहे. त्यानं मला फुकट वाटलं. त्याचा आवाज मी त्याला फुकट देणार नाही.