घरचा चार नंबर

सयाजीअण्णांनी हातातला पेपर चुरगाळून हौदाच्या कोरड्या पोटात फेकला आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"कोच विश्वजित नको. माझा पयला हात."

मग काय, हातांचं पीकच आलं. हौदाच्या कट्ट्यावर, तालमीच्या पायऱ्यांवर, उभ्या मोटारसायकलींवर बसलेल्या पन्नासेक माणसांनी हात वर केले. काही उत्साही मंडळींनी तर दोन्ही केले. हौदावरच्या तालमीचा फुटबॉल संघ सीनिअर गटात तळाला होता, सोळा संघांत सोळावा. सामने उरले होते दोन आणि शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते. पेठेत पोराला नोकरी लागली नाही तर लोक म्हणत, लागेल की, घाई काय हाय. पण संघ खाली जाणार म्हटल्यावर कुणाला घास गोड लागत नव्हता.

"तिकडं इंग्लंडात चार मॅच हरल्या की मॅनेजरला गेटाभायेर काढत्यात," गुंडू म्हणाला. गुंडूचं मोटारींच्या पार्टचं दुकान होतं आणि इंग्लंडमधले सामने तो जागरणं करून बघायचा, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. "आपुन सात हरलो. तरी ह्येला अजून कोच साहेब, कोच साहेब म्हणालोय."

"खाली गेलो तर सीनिअर गटातलं बेचाळीस वर्साचं नाव जातंय."

"दुसऱ्या पेठंत तोंड दाखवायला जागा न्हाय राहणार."

"विश्वजितला काय कळतंय? फॉरवर्ड मागं, फुलबॅक पुढं. नुसता घोळ."

"कालचे तिन्ही गोल मधनंच गेले बघा," कट्ट्याच्या टोकाला बसलेले बापू म्हणाले. बापूंनी तरुणपणी गोल राखला होता. "मधला स्टॉपर जरा..." एवढं बोलून त्यांनी सयाजीअण्णांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "म्हणजे, वारं पण उलटं हुतं म्हणा."

"वाऱ्याचं काय घिऊन बसलाय!" अण्णा गरजले. त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा सारखा खुळखुळत होता. पिठाची गिरणी त्यांनी सकाळपासून उघडली नव्हती. दळणाचे डबे बाहेर रांगेत बसले होते आणि बायका नावं ठेवून परत गेल्या होत्या. पण अण्णांना आज गहू-ज्वारीचं भान नव्हतं. साठीला आलेला हा माणूस तालमीचा सेक्रेटरी होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो चार नंबरच्या घरातला होता.

हौदावरच्या तालमीत जर्सीचे नंबर माणसांचे नसतात, घरांचे असतात. नऊ नंबर मोहित्यांचा, एक नंबर बापूंच्या घरचा. बाहेरगावाहून आणलेल्या खेळाडूला विसाच्या पुढचा नंबर मिळतो, मग तो कितीही भारी असो. चार नंबर, म्हणजे गोलासमोर फॉरवर्डला अडवणाऱ्या स्टॉपरचा, आधी अण्णांच्या वडिलांच्या पाठीवर होता, मग बारा वर्षं अण्णांच्या, मग बरीच वर्षं घरच्या कपाटात, आणि गेली तीन वर्षं त्यांच्या सम्राटच्या. या तालमीत कोच येतात, कोच जातात. घरचा नंबर बाकावर बसलेला मात्र आजवर कुणी पाहिला नव्हता.

"मग आणायचा कुणाला?" कुणीतरी विचारलं. जुन्या खेळाडूंची नावं निघाली. एकाचे गुडघे गेले होते, एक दुसऱ्या पेठेचा जावई होता, तिसऱ्याला कुणी उभं करून घेतलं नसतं. शेवटी गुंडूच म्हणाला,

"हातकणंगल्याला एक मॅडम हाय. संघप्रिया. शाळंत खेळ शिकवत्या. तिच्या पोरी तीन वर्सं हरल्या न्हाईत. कोचचं लायसन हाय तिच्याकडं. आन आपल्या मॅचला पण असत्या ती, वही घिऊन बसत्या."

"बाईमाणूस? आन तालमीत कशी येणार? मारुतीसमोर?"

"मॅच काय मारुतीसमोर असती का?"

बुडत्याला काडीचा आधार, तिथं काडी कुठल्या झाडाची हे कोण विचारतो? अण्णांनीच जाऊन बोलायचं ठरलं. ते स्कूटरकडे निघाले तेव्हा कोपऱ्यात मोटारसायकलवर बसलेला सम्राट पुढे झाला. चोवीस वर्षांचा, बापासारखाच रुंद. मघापासून त्यानं हात वर केला नव्हता, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"पप्पा, मी येऊ संगं?"

"तू प्रॅक्टिसला जा. रविवारी जिंकायचं हाय."

सम्राटनं मान हलवली.

हातकणंगल्यापर्यंतचा रस्ता अण्णांनी मनातल्या मनात भाषण करत काढला. मॅडम, आमची तालीम म्हणजे असं नि तसं. मानधन देऊ, मान देऊ. एका वळणावर ते पुढेच निघून गेले आणि मैलभर जाऊन परत फिरले. संघ खाली गेला तर सम्राटच्या पाठीवरचा नंबर खालच्या गटातल्या धुळीत जाणार, हा विचार डोक्यातनं जात नव्हता.

शाळेच्या मैदानावर वीसेक मुली पळत होत्या. मधोमध एक बाई वाकून फक्कीची रेघ मारत होत्या. सलवार-कुडता, डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. अण्णांनी नमस्कार करून आपण हौदावरच्या तालमीचे सेक्रेटरी म्हणून सांगितलं आणि भाषणाला सुरुवात केली. ते अर्ध्यावर आलं असेल-नसेल तेवढ्यात संघप्रिया मॅडम म्हणाल्या,

"रेघंवरनं जरा बाजूला व्हा की, पावणं."

अण्णा बाजूला झाले. रेघ पुरी झाली.

"मला जमायचं न्हाय," मॅडम हात झटकत म्हणाल्या. "माझ्या पोरींची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय. आन तुमाला नवा कोच कशाला पायजे? आहे त्या माणसाला काय झालंय?"

"सात हरलो, मॅडम."

"हरलासा व्हय. मी चार बघितल्या त्यातल्या." त्यांनी पिशवीतनं वही काढली, दोन पानं उलटली. "तुमचा कोच बरा हाय. मैदानात कोण कुठं उभा करायचा, ती लावणी बरोबर असते त्याची. तुमची अडचण चार नंबर हाय."

अण्णांचा किल्ल्यांचा जुडगा थांबला.

"कोण... आमचा स्टॉपर?"

"त्योच. उंच, रुंद पोरगं. आता नीट ऐका. पाय वाईट न्हाईत त्याचे. पण बॉल त्याच्याकडं यायला लागला की त्यो आधी मान वळवून गॅलरीकडं बघतो. येवढंच." मॅडमनी स्वतःची मान किंचित डावीकडे वळवून दाखवली. "तेवढ्यात फॉरवर्ड निसटतो. ह्या चार मॅचमधी पाच गोल असे गेले. मी वेळ लिवून ठेवलीय. पोरींना दाखवते मी, बघा, असं करायचं न्हाय म्हणून."

"कंच्या गॅलरीकडं बघतो?"

"पूर्वेच्या. हलगी वाजते ना, तिथं खालच्या पायरीपाशी. लाइनच्या अगदी जवळ." त्यांनी वही मिटली. "कोण बसतं तिथं?"

एक मुलगी पळत येऊन काहीतरी विचारून गेली. मॅडमनी शिट्टी वाजवली. अण्णा खालच्या ताज्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिले. तीन वर्षांत एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. आवाज त्यांचा असा की हलगी फिकी पडावी. सम्राऽट, सोडू नको! सम्राऽट, पाय घाल! पायरी त्यांची ठरलेली होती. दुसरं कुणी बसलं तर पेठेतली पोरं उठवायची.

"बसत्यात," ते म्हणाले. "आमचीच माणसं."

"मग त्यांना सांगा, एका मॅचला येऊ नका म्हणावं. न्हायतर पोराला बसवा. दोन्हीतलं एक करा."

परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. मालगाडी जायची होती. अण्णांनी स्कूटर बाजूला घेतली आणि विश्वजितला फोन लावला.

"विश्वजित, सयाजी बोलतोय."

"बोला, अण्णा. नारळ कधी देताय?" विश्वजितच्या आवाजात राग नव्हता. बातमी पोचली होती.

"चार नंबरचं तुला म्हाईत हुतं?"

"अण्णा, मी कोच हाय. मला म्हाईत नसंल का?"

"मग बसवला का न्हाईस त्याला?"

"तुमच्या घरचा नंबर हाय त्यो. तुमी पुढं बसलाय, मी चार नंबर बाकावर बसवू? पेठंत ऱ्हायचंय मला."

गाडी धडधडत गेली. फाटक उघडलं. मागच्या ट्रकवाल्यानं तीन वेळा हॉर्न वाजवला तरी अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांना बापूंचं खाकरणं आठवलं. उलटं वारं आठवलं. मागच्या महिन्यात गुंडू काहीतरी सांगायला गिरणीत आला होता आणि अर्धा किलो बेसन घेऊन गेला होता. एवढी पन्नास माणसं आणि पन्नासांच्या तोंडाला कुलूप. आणि आपण सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्यांना लाज वाटली. साठ वर्षांत वाटली नव्हती इतकी वाटली. आपण नाही गेलो तरी पोरगं रिकाम्या पायरीकडे मान वळवणारच, हेही त्यांना कळून चुकलं.

हौदावर सगळे वाटच बघत होते. दिवस कलला होता, तालमीत पोरांच्या जोरबैठका सुरू होत्या. सम्राट प्रॅक्टिसहून आला होता आणि बुटाच्या नाड्या सोडत कट्ट्यावर बसला होता.

"काय म्हणल्या मॅडम?" गुंडूनं विचारलं.

"न्हाय म्हणल्या."

"झालं! आता?"

"आता काय न्हाय. विश्वजितच ऱ्हाणार."

एकच गलका झाला. आवो अण्णा, सकाळी तुमीच, असं कसं, खाली जायचं का मग? अण्णांनी तो ओसरू दिला. त्यांचा आवाज, जो अख्ख्या मैदानाला पुरायचा, तो आज शेजारच्या माणसालाही नीट ऐकू जाईल की नाही असा निघाला.

"कोच बदलायचा न्हाय. रविवारी चार नंबर बदलायचा."

गलका थांबला. अण्णांना वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, छे छे, आवो आपला सम्राट, घरचा नंबर, असं कसं चालंल. निदान गुंडू तरी. पण कुणाला नवल वाटलं नाही. लोक आपापल्या पायांकडे बघत राहिले. बापूंनी एक लांब श्वास सोडला, बऱ्याच दिवसांचा कोंडलेला. मग गुंडू हळूच म्हणाला,

"बसा, अण्णा. च्या सांगतो."

माणसं दोनदोन-चारचारनं पांगली, जाताना विश्वजितच्या लावणीची तारीफ करत. अण्णांना सम्राटकडे बघायचं धाडस होत नव्हतं. ते कट्ट्यावर बसले, मधे हातभर जागा ठेवून. पोरगं उठून जाईल, गाडीला किक मारील, दोन दिवस घरी जेवणार नाही, असं सगळं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

सम्राटनं दुसऱ्या पायाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला, आणि पाय लांब करून मागे रेलला. त्याचे खांदे इतके खाली आले की अण्णांनी शेवटी वळून पाहिलंच. पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ताप उतरल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"तुला खेळायचंच नव्हतं व्हय रं?"

सम्राटनं मान हलवली.

"कदीपासनं?"

"पयल्या मॅचपासनं."

"मग तीन वर्सं..." अण्णा मधल्या हातभर जागेत सरकले. "सांगायचं न्हाय व्हय? मी काय खाल्लं असतं का तुला?"

चहा आला. सम्राटनं दोन्ही कप घेतले, एक बापाच्या हातात दिला.

"पयल्या मॅचच्या सांजंला तुमी अख्ख्या पेठंला जिलेबी वाटलासा, पप्पा," तो म्हणाला. "लई खूश हुता तुमी."