हातानं पारखलेलं पायडल

मित्रांनो, मी एक जुनं पायडल आहे. सायकलचं किंवा शिलाई मशीनचं असेन असं तुम्हाला वाटलं असेल, पण तसं नाही. मी ड्रमचं पायडल. बेंजो पार्टी वाजू लागली की टेम्पोत मागे एक माणूस ड्रमच्या गराड्यात बसलेला दिसतो ना, त्याचे दोन्ही हात वरच्या ड्रमांवर गुंतलेले असतात. मग खाली आडवा ठेवलेला सगळ्यात मोठा ड्रम कोण वाजवतं? त्याचा उजवा पाय वाजवतो, आणि तो पाय माझ्यावर असतो. पाय दाबला की माझी मोगरी पुढे जाते, ड्रमच्या पोटात धम्म करते आणि स्प्रिंगच्या ओढीनं मागे येते. एवढंच माझं काम. पण हे धम्म नसेल तर हळदीत एकाही बाईचं पाऊल उचलणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मला छाती नाही ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कंपनीत झाला नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मारुती नावाचे एक फिटर होते. जवळच्या घिवली गावचे एकनाथ त्यांचे दोस्त. एकनाथ म्हणजे जातिवंत दर्यावर्दी माणूस, सकाळी होडीवर आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत ड्रमवर. त्यांना बाजारातलं एकही पायडल मानवत नव्हतं. होडीवर वावरलेला रुंद पाय, बोटं फाकलेली, आणि वाजवताना चप्पल घालायची नाही हा नेम. वाद्याला पाय लावायचाच तर उघडा लावावा, असं ते म्हणत. शिवाय त्यांची टाच कधी उचलायची नाही. "होडीवर टाच सुटली की मानूस पान्यात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मारुतीकाकांनी चहाच्या सुट्टीत एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर एकनाथांचा पाय ठेवून पेन्सिलीनं गिरवला. "चप्पल मापाची घेतोस ना," ते म्हणाले, "मग पायडल पन मापाचं पायजे." त्या मापानं अ‍ॅल्युमिनियमची पाटी कापली, कडा गुळगुळीत घासल्या, मोगरी ओढायला कुठल्याशा मशीनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा लावला, मऊ स्प्रिंग बसवली, आणि मी तयार झालो. दिसायला म्हणाल तर काळाबेंद्रा. पण एकनाथांनी पहिल्यांदा पाय ठेवला आणि ते उठायलाच तयार होईनात. वीस मिनिटं एकच ठेका वाजवत बसले.

मग काय विचारता, वीस वर्षं आम्ही दोघांनी गाजवली. घिवली, तारापूर, पाम, तिकडे सफाळ्यापर्यंत. वैतरणेच्या खाडीकाठच्या एका हळदीत तर आम्ही भर पावसात ताडपत्रीखाली वाजवलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं मला गंज चढायचा आणि एकनाथ होडीच्या इंजिनाचं ग्रीस बोटावर घेऊन माझे सांधे भरायचे. शाबासकी मात्र बेंजोला मिळायची. बेंजोवाले शांताराम म्हणजे पार्टीचे मालक. त्यांच्या शर्टाला लोक नोटा लावायचे. मला कोणी बघतही नसे, आणि खरं सांगतो, त्याचं मला काही वाटत नसे.

वाटायचं ते एकाच दिवशी. दसऱ्याला. त्या दिवशी पार्टीची सगळी वाद्यं एकनाथांच्या ओटीवर पाटावर मांडत. बेंजो, ढोलकी, खुळखुळे, मोठा ड्रम. जो वाजवतो त्यानंच आपल्या वाद्याला हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि पूजा झाली की एकेक ठोका वाजवायचा, अशी रीत. मी मात्र दाराशी, चपलांच्या शेजारी. एकनाथांच्या बायकोचा, जमनाबाईंचा तसा दंडकच होता. "पायातली वहान पायातच बरी," त्या म्हणायच्या. बाई मनानं वाईट नाहीत हो. त्यांच्या हातचं बोंबलाचं कालवण खायला शांताराम तारापूरहून यायचे. पण ज्या वस्तूवर पाय पडतो ती देवाच्या पंगतीला कशी बसवायची, हा त्यांचा प्रश्न होता. खुळखुळ्यालासुद्धा माळ मिळायची, मित्रांनो. खुळखुळ्याला.

असो. पुढे एकनाथांचा उजवा गुडघा गेला. टेम्पोत चढवेना. पार्टीचा ड्रम ओटीवर झाकून ठेवला आणि मला खाटेखाली सरकवलं. माझा पट्टा सुकून तुटला, सांधे धरले. दोन वर्षं मी तिथे जाळ्याच्या गुंत्याशेजारी पडून होतो. त्या दोन हंगामांत शांताराम पालघरहून भाड्यानं एक ऑक्टोपॅडवाला आणायचे, विजेच्या पाटीवर काठ्या मारून ड्रमचे आवाज काढणारा.

एकनाथांना एकच मुलगी, स्नेहा. बोईसरला औषधांच्या पॅकिंगमध्ये कामाला जाते. लहानपणापासून वडिलांच्या मांडीवर बसून हातानं वाजवायला शिकलेली, हात असा की बघत राहावं. पण पायाला सवय नव्हती, कारण पायाची जागा बाबांची होती. ह्या वर्षी तिनं शांतारामांना सरळच विचारलं, "काका, बाबांच्या जागेवर मी बसू?"

शांतारामांनी तंबाखू मळता मळता थोडा विचार केला. "नारळी पुनवेला बस. मिरवनूक गावातून बंदरापर्यंत, तीन तास. तेवढा वेळ ठेका टिकला तर जागा तुझी. सुटला तर मी पालघरच्या त्या ऑक्टोपॅडवाल्याला कायमचा सांगतो. मला पन पार्टी चालवायची हाय, पोरी."

स्नेहाची झोप उडाली. तिला दुसरं काही नको होतं, ती जागा हवी होती. तिनं मला खाटेखालून काढलं, तुटका पट्टा पाहिला आणि नवं पायडल घ्यायचं ठरवलं. नमुना म्हणून मला पिशवीत घातलं आणि शेअर रिक्षानं बोईसरला निघाली. म्हणजे माझ्या जागी येणारा निवडायला मलाच नेलं. बघा आता.

मेहुलभाईंचं वाद्यांचं दुकान स्वच्छ, काचेचं. गल्ल्यामागे सरस्वतीचा फोटो, उदबत्ती. स्नेहानं चपला बाहेर काढल्या. मेहुलभाईंनी तीन पायडलं काउंटरवर मांडली, प्रत्येकाला आधी कपाळाला लावून. एक पट्ट्याऐवजी साध्या साखळीचं, एक दुहेरी साखळीचं, खाली लोखंडी बैठक असलेलं, आणि एकाला साखळीच नव्हती, सळईच होती.

"पाय लावून बघा ना बेन," मेहुलभाई म्हणाले.

स्नेहानं एकदा सरस्वतीकडे पाहिलं, एकदा काउंटरकडे. विकत न घेतलेलं वाद्य, दुसऱ्याच्या दुकानातलं, त्याला पाय कसा लावायचा? आईनं शिकवलेलं अंगात मुरलेलं होतं. "नको, हातानंच बघते," ती म्हणाली. मेहुलभाईंनाही ते बरंच वाटलं असावं. त्यांनी आग्रह केला नाही.

आणि तिनं तळहातानं दाबून पाहिलं. तिन्ही. पिशवीतून मी ओरडत होतो, अगं पोरी, हातानं कोणाला वाजवायचंय, खाली ठेवून पाय लाव. पण पायडलाचा आवाज ड्रमशिवाय कोणाला येतो? हाताला दुहेरी साखळीचं आवडलं. भारी, चकचकीत, दाबलं की दणकून उलटं येणारं. "हे दमदार हाय," ती म्हणाली, आणि साठवलेल्या पगारातून ते घेतलं.

घरी आल्यावर तमाशा सुरू झाला. नव्या पायडलाच्या पाटीला घसरू नये म्हणून उंच रेघा आणि भोकं होती. बूट घालणाऱ्याला ती फार चांगली, पण स्नेहाचा उघडा तळवा अर्ध्या तासात लाल झाला. स्प्रिंग इतकी कडक की टाच आपोआप वर उडायची, आणि टाच उडाली की ठेका पुढे पळायचा. चार दिवस ती रोज कामावरून येऊन वाजवत होती आणि रोज तिचा चेहरा उतरत होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पाचव्या दिवशी ती काठ्या खाली ठेवून म्हणाली, "माझ्या पायातच नाय ते. काकांना नाय म्हनून सांगते."

ओटीवर खुर्चीत बसलेले एकनाथ चार दिवस हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "दुकानात कशानं बघितलंस?"

"हातानं."

एकनाथांनी गुडघा चोळला. "चूक तुझी नाय," ते म्हणाले. "आमीच तुला शिकवलं वाद्याला पाय लावू नये. पन ह्याला पायच लावायचा असतो, पोरी. ते पायडल वाईट नाय. कोनी बूट घालून टाच उचलून भराभर वाजवनारा असला तर त्याला ते सोनं हाय. तू अनवानी वाजवनार, तीन तास. तुला मऊ पायजे. ते जुनं काढ."

मला पुन्हा बाहेर काढलं. पण ऐका, गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला खोटी गोष्ट सांगितली असती. एकनाथांनी पट्ट्याच्या जागी दोरी बांधून दिली, स्नेहानं माझ्यावर पाय ठेवला आणि मला कळलं, हिचाही मेळ बसत नाही. मी कापलो होतो एकनाथांच्या मापानं. तिचा पाय लहान, माझ्या पाटीवर हरवून गेलेला. ज्या जागेवर दाबायचं तिथे अंगठा पोचत नव्हता. आपण कोणालाही चालू असा माझा जो ताठा होता तो तिथेच उतरला.

दुसऱ्या दिवशी बापलेक रिक्षा करून पामला गेले. मारुतीकाका आता निवृत्त होऊन तिथे राहतात, अंगणात छोटं वेल्डिंगचं सामान आहे. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट केलं. "जिवंत हाय अजून," म्हणाले. मग फरशीवर ड्रमसमोर ठेवावं तसं ठेवून स्नेहाला म्हणाले, "दाब."

स्नेहा आधी वाकली. मला दोन्ही हातांनी शिवून हात कपाळाला लावले आणि मग उजवा पाय ठेवला. वीस-बावीस वर्षांत माझ्या पाया पडलेलं पहिलं माणूस. मला भरून आलं, मी काय सांगू.

मारुतीकाका उकिडवे बसून फक्त तिच्या पायाकडे बघत होते. बरीच मिनिटं. "बाबासारखी टाच टेकते तुझी," ते म्हणाले, "पन बाबाचा जोर तळव्यात होता, तुझा अंगठ्यात हाय. पट्टा जवळ घ्यावा लागेल. स्प्रिंग एक आटा घट्ट." आणि त्यांनी खोक्याचा पुठ्ठा शोधला. पुन्हा पाऊल गिरवलं गेलं. टाचेची पट्टी सोडवून पुढे बसवली, माझ्या पाटीला नवं भोक पाडलं, नवा पट्टा लावला. ड्रिल अंगात शिरलं तेव्हा मी घाबरलो होतो. पण सुटका झाल्यावर स्नेहानं पाय ठेवला आणि ठेका असा बसला की एकनाथांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायला सुरुवात केली.

नवं पायडल मेहुलभाईंनी परत घेतलं, चारच दिवस वापरलेलं, त्यावर ओरखडाही नव्हता. स्नेहानं त्यांना सगळी हकिगत सांगितली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दुकानात एक स्टूल, एक जुना ड्रम आणि एक चटई ठेवली. वर पाटी लावली, "पायडल घेण्याआधी पाय लावून बघावा. देवी रागावत नाही."

नारळी पुनवेला दुपारी मिरवणूक निघाली. पुढे सोनेरी कागदाचा नारळ, मागे नटलेल्या बायका, त्यांच्या मागे आमचा टेम्पो. पहिला तास शांताराम बेंजो वाजवता वाजवता मान वळवून स्नेहाच्या पायाकडे बघत होते. दुसऱ्या तासाला पाऊस आला, ताडपत्री ओढली, टेम्पोनं खड्ड्यात गचका खाल्ला. काठी हातातून सुटली तिच्या, पण पाय सुटला नाही. टाच माझ्यावर रुतलेली. धम्म, धम्म, जागच्या जागी. बंदराजवळ पोचेपर्यंत शांतारामांनी मागे बघायचं सोडून दिलं होतं.

नारळ पाण्यात गेला. शांताराम खाली उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "दसऱ्याला ड्रमची पूजा तुला करायची हाय. उशीर नको करू." बाकी काही नाही. स्नेहा टेम्पोतच बसून रडली, माझ्यावरचा पायही न काढता.

दसऱ्याला ओटीवर पाट मांडले. स्नेहानं मोठ्या ड्रमला हळद-कुंकू लावलं, माळ घातली. मग उठली, दाराशी आली आणि चपलांशेजारून मला उचललं.

"स्नेहा," जमनाबाई म्हणाल्या, "पायातली वहान."

"आई, पायडलाला मी हाताचं समजले आनि जागा जाता जाता राह्यली," स्नेहा म्हणाली. "पायानं कमावलीय ती मी. पायाला कुंकू नको?"

जमनाबाईंनी एकनाथांकडे पाहिलं. मग मला तिच्या हातातून घेऊन पदरानं माझी पाटी पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातलं ग्रीससुद्धा. मला पाटावर ठेवलं आणि स्वतःच्या बोटानं, अंगठा जिथे टेकतो बरोबर तिथे, भरपूर ओलं कुंकू लावलं.

रीतीप्रमाणे एक ठोका वाजवायचा होता. स्नेहानं पाय ठेवला, वाजवला आणि प्रसाद आणायला घरात गेली. पांढऱ्या लादीवर लाल पावलं उमटली, फक्त उजवी. जमनाबाई फडकं घेऊन पुसायला वाकल्या. नवी नवरी घरात येते तेव्हा आधी उजवं पाऊल टाक म्हणून सांगणाऱ्या त्या. त्यांनी ती पावलं बघितली आणि न पुसताच फडकं खांद्यावर टाकून निघून गेल्या.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वस्तू घ्याल तेव्हा जे अंग तिच्याशी आयुष्यभर बोलणार आहे त्यालाच आधी विचारा, चकाकीला विचारू नका. जुन्याला फेकण्याआधी एकदा मारुतीकाकांसारख्या माणसाला दाखवा. आणि जे तुमच्या पायाखाली राबतं, त्याचा गंज अधूनमधून पुसत जा. घिवलीला आलात तर एकनाथांच्या ओटीवर डोकावा. ती पावलं आता फिकट झाली आहेत, पण जमनाबाई लादी पुसताना अजून तेवढी जागा सोडून पुसतात.