सरासरीबाईची मजुरी

टिक्. दुपारच्या गप्प घरात फरशीवर एक बटण पडलं आणि गडगडत कपाटाखाली गेलं. घारीच्या ॲप्रनच्या खिशात लपून असं एखादं बटण नेहमीच घरी यायचं. झोपेतल्या लेकीने कूस बदलली, पण उठली नाही. घार तिच्याजवळ तशीच पडून राहिली. आठवड्यातली ही एकच दुपार तिच्या वाट्याची.

घार हे तिचं बटणांच्या कारखान्यातलं नाव. निवडीच्या टेबलावरच्या ढिगातून काणं बटण, म्हणजे ज्याचं एक भोक बुजलंय ते, ती लांबूनच टिपायची. पण शेजारी बसणारी थोरली म्हणायची, "नजरेमुळे नाही गं. घार हिंडते आकाशी, चित्त तिचं पिलापाशी, म्हणून." तेही खोटं नव्हतं. ताशी मजुरीत भागत नसे, म्हणून रोज संध्याकाळी जादा तास. घरी पोचेपर्यंत पिलू आजीच्या मांडीवर झोपलेलं. दर थोडा वाढला तर जादा तास कमी करता येतील, एवढंच तिला हवं होतं.

नवरा गवंडी. पेपर वाचता वाचता तो हळूच म्हणाला, "ऐकलंस का, राज्यात कारखान्यांत, खाणींत, बांधकामावर कामगारांची ताशी मजुरी बरीच वाढली म्हणे."

"कुणाची? तुमची वाढली?"

"छे."

"माझीही नाही."

"सरासरी वाढली, असं लिहिलंय."

दाराशी वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "ही सरासरी कुठली रे? तुझ्या कामावरची की हिच्या?"

नवऱ्याने पेपर तोंडावर धरला. पेपर हलत होता.

"हसतोस काय? ती एकटी सगळं घेऊन गेली, आणि तुम्ही दोघं बसा बघत."

दुसऱ्या दिवशी घारीने हे टेबलावर सांगितलं मात्र, बटणांपेक्षा हसूच जास्त सांडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सरासरीबाई साऱ्या कारखान्याची झाली. कुणी म्हणे, ती पलीकडच्या काचकारखान्यात असते. कुणी म्हणे, तिला बसायला गादीची खुर्ची आहे. मुकादम बिचारा भोळा. त्याने हजेरीपट चाळला आणि म्हणाला, "या नावाची बाई आपल्याकडे नाही."

"तेच तर, मुकादम," थोरली म्हणाली. "तिला आपल्याकडे आणायचीय. जा गं घारी, तुझ्या घरची पाहुणी ती, तूच सांग मालकीणबाईंना."

चेष्टेचेष्टेत काम असं गळ्यात पडलं. मालकीणबाईंच्या खोलीच्या दारात घार जरा घुटमळली, पण पिलू आठवलं आणि जीभ सुटली. बाईंनी सगळं ऐकलं आणि ओठांवरचं हसू दाबलं. काचकारखान्याने त्यांच्या दोन पॉलिशवाल्या नुकत्याच पळवल्या होत्या, तेव्हा बाहेरचा दर त्यांनाही ठाऊक होता.

"अगं, सरासरी म्हटली की कुणी वर, कुणी खाली असायचंच."

"खरंय बाई. पण दरवेळी खाली आम्हीच का? एकदा जागा बदलून बघू."

आता मात्र बाई हसल्याच. "बघते," म्हणाल्या. घारीला वाटलं, गेलं पाण्यात. पण आठवडा संपायच्या आत मुकादमाने नवा दर सांगितला.

"सरासरीबाईच्या खांद्याला काही लागलो नाही," थोरली म्हणाली, "पण कोपरापर्यंत आलो."

घारीला कोपरही पुष्कळ होतं. रोजचे नाही, तरी एक दिवसाआड जादा तास सोडता येणार होते.

पहिल्या मोकळ्या संध्याकाळी ती ऊन असतानाच घरी आली. लेक दारातच होती. तिने आईकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि शहानिशा करावी तशी तिच्या खिशात हात घालून बटण काढलं.

"सूनबाई, भेटली का गं ती सरासरी?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही आई, ती कुणालाच भेटत नाही. पण तिच्यामुळेच आज लवकर आले."

अंथरुणात लेकीने सरासरीबाईची गोष्ट मागून घेतली. गादीची खुर्ची, काचकारखाना, सगळं पुन्हा पुन्हा. मग आईच्या दंडावर डोकं टेकवून, बटण मुठीत घट्ट धरून तिने विचारलं,

"आई, सरासरीबाईच्या मुलीला कोण झोपवतं?"