देवाआडची बाई

देवासच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या नीलकंठला एकच व्यसन होतं, आणि ते सुपारीचंसुद्धा नव्हतं. जुन्या इंग्रजी गुन्हेपटांची पोस्टरं जमवायची. हॅटखाली चेहरा लपवलेला पुरुष, दिव्याच्या खांबाशी सिगरेट ओढणारी बाई आणि मागं कुणाची तरी लांबलचक सावली असं काही दिसलं, की गडी विरघळलाच. सोनकच्छपासून मनावर गावापर्यंतच्या टॉकीजवाल्यांना त्यानं भंडावून सोडलं होतं. त्याची बायको विद्युल्लता म्हणे, हौसेला मोल नसतं हे खरं, पण जागा लागते.

अकरा पोस्टरं झाली होती. जीव मात्र अडकला होता बाराव्यात. तो सिनेमा त्यानं कॉलेजात असताना धारला चारदा पाहिला होता. त्यातली बाई तीन जणांचे खून करते, तरी तिच्यावरचं त्याचं प्रेम काही आटलं नव्हतं.

१९७९च्या चैत्रात धारच्या टॉकीजनं जुने फलक उतरवले. पोस्टरं चिकटवण्यात हयात घालवलेल्या जगदेवरावांची पद्धत अशी, की जुनं कधी खरवडायचं नाही, मैद्याची खळ फासून नवं त्यावरच डकवायचं. एका फलकावरचा असा पुठ्ठ्याएवढा जाड थर त्यांनी अख्खा सोडवला आणि धारमधल्याच नीलकंठच्या सासुरवाडीला पोचता केला. आपल्या माळवी बोलीत निरोपही धाडला, "भिया, वर देव आहे आणि त्याच्या बरोब्बर खाली तुझी बाई. घंटाभर पाण्यात ठेव, सुटेल."

रविवारी नीलकंठ बसनं धारला धावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वरचं पोस्टर पौराणिक सिनेमाचं, शेषावर पहुडलेल्या विष्णूचं. सासूबाईंना, म्हणजे माईंना, वाटलं जावयानं तसबीरच पाठवली. त्यांनी ती देवघराशेजारी लावून हळदकुंकू वाहिलं होतं, आणि आमचे जावई उशिरा का होईना देवाला लागले, असं आल्यागेल्याला सांगत होत्या.

आता आली का पंचाईत? जावयानं सासुरवाडीला तोंड उघडून काही मागायचं नाही, असं नीलकंठला लहानपणापासून शिकवलेलं. मग तो दर रविवारी धारला येऊन त्या विष्णूपुढं हात जोडून बसू लागला. असे पाच महिने गेले. माईंचं कौतुक वाढत गेलं, तशी त्याला स्वतःची लाज वाटू लागली.

पावसाळ्यात ओल धरून पोस्टरचा एक कोपरा फाटला. भंगलेला देव घरात ठेवू नये, मी तलावात विसर्जन करून येतो, असं नीलकंठनं लगेच गंभीर चेहऱ्यानं सुचवलं. माईंना पटलं. फक्त त्यासुद्धा बरोबर निघाल्या.

देवीसागरच्या पायरीवर त्यानं देव पाण्यात ठेवला आणि कड घट्ट धरून बसला. माई हात जोडून उभ्या. तो पावसावर बोलला, कारखान्यावर बोलला, माळव्यातल्या गव्हावरही बोलला. तासभर गेला तरी देवाची कड काही खालच्या बाईपासून सुटेना.

"सोडा की आता," माई म्हणाल्या.

सोडलं तर बाई बुडणार होती. नीलकंठचा धीर सुटला आणि त्यानं बाईपासून खोट्या भक्तीपर्यंत सगळं सांगून टाकलं. आपणही त्या पाण्यात शिरावं, असं त्याला झालं.

मग माईंनी पदर खोचला, त्याला बाजूला सरकायला सांगितलं आणि पायरीवर बसल्या. जन्मभर पापड लाटलेली ती बोटं. त्यांनी हलक्या हातानं खळ सोडवत विष्णू अलगद उचलला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. खाली ती होती, सिगरेटसकट, कुठं ओरखडासुद्धा नाही. नीलकंठच्या डोळ्यांत पाणी आलं.

माईंनी तिला नीट न्याहाळलं. "दिसायला बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण नीलकंठराव, पहिल्याच दिवशी बोलला असतात तर त्याच दिवशी सोडवून दिली असती. पाच महिने परक्यासारखे का बसलात?"

एक टोक त्यानं आणि एक माईंनी धरून, ती ओली बाई घेऊन दोघं भर बाजारातून घरी निघाले. लोक वळून बघत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. अर्ध्या वाटेवर नीलकंठ म्हणाला, "माई, भूक लागली आहे. पिठलं कराल?"