कंसातला शेला

लग्न झाल्यापासून मार्थाबाई साळवे यांनी स्वतःची अशी प्रार्थना कधी केलीच नव्हती. प्रार्थना सुरेंद्र करायचे, त्या आमेन म्हणायच्या. संसारातली बाकीची कामं वाटून घेतली होती तसंच हेही. रोज सकाळी चिंचवडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सुरेंद्र खुर्ची ओढून बसायचे, एक स्तोत्र वाचायचे आणि मग डोळे मिटून देवाशी बोलायला लागायचे. एकदा लागले की थांबायचे नाहीत. सगळी नोकरी कंपनीच्या टूलरूममध्ये गेलेली, मशीनवर आवाज चढवायची सवय, त्यामुळे देवाला काय काय सांगितलं ते खालच्या मजल्यालाही कळायचं. मार्थाबाईंचं अर्धं चित्त गॅसवरच्या दुधात असायचं. ‘आता आवरा की’ असं त्या मनात म्हणायच्या आणि शेवटी तोंडाने आमेन.

मग पावसाळा सरता सरता सुरेंद्रना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय काठीवर उभं राहण्याइतका सुधारला होता. उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. वाचा गेली ती गेलीच. एक ‘हां’ तेवढा उरला होता आणि तोही नको तिथे निघायचा. समजत मात्र सगळं होतं, तेच वाईट होतं.

मुलगा चाकणला पहिल्या शिफ्टला निघून गेला की घरात दोघंच. पहिल्याच सकाळी मार्थाबाईंनी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं, तर सुरेंद्रनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. देवावर रुसले होते ते. का नाही रुसणार? ज्याच्याशी बोलण्यात जन्म घालवला त्यानेच जीभ काढून घेतली, तर शहाण्यासारखं वागायचं तरी कसं?

आणि मार्थाबाईंची पंचाईत अशी की नवऱ्यावाचून देवाशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. ‘हे प्रभू’ म्हणायच्या आणि पुढे कोथिंबीर आठवायची. आमेन म्हणायचं तर आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं हवं ना. घरातली प्रार्थना संपली की काय, अशी भीती त्यांना वाटायची.

थंडीचे दिवस. पवनेवरचं धुकं पहाटे इमारतींच्या अंगणात येऊन बसायचं, रस्त्यावरच्या कंपनीच्या बसचे हॉर्न लांबून, कुठल्यातरी दुसऱ्याच गावातून आल्यासारखे वाटायचे. अर्धवट झोपेत मार्थाबाईंना बाहेरच्या खोलीतून सुरेंद्रचा जुना आवाज ऐकू यायचा, घोळून घोळून बोलणारा, सगळ्यांची नावं घेणारा. त्या उठून बघायच्या तर पाण्याची मोटर चालू असायची. तरी दारात जरा उभ्या राहायच्या. न जाणो, मोटरमागे आवाजही असेल.

हाताचा व्यायाम करून घ्यायला तेजस्विनी यायची. पिंपळे सौदागरच्या जुन्या शेतकरी घरातली मुलगी. शेतात टॉवर उभे राहिले होते, ही फिजिओथेरपी शिकली होती, पण बोलणं अजून बांधावरचंच होतं. “काका, डाव्या हातानं उजवा धरा आनि वर न्या,” ती रोज सांगायची. काका ढिम्म. “खांदा एकदा धरला ना, मंग हात गेला म्हनून समजा.” काकांनी तो आधीच गेला म्हणून समजलं होतं.

ती यायची तेव्हा मार्थाबाईंचं वाचन चालू असायचं. ऐकणाऱ्याची पाठ असली तरी त्यांनी वाचायचं सोडलं नव्हतं. आता स्तोत्रांमध्ये गंमत अशी की ओळ संपता संपता मधेच कंसात एक शब्द येतो, ‘सेला’. त्याचा अर्थ कुणालाच धड माहीत नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, गाणाऱ्यांना ‘इथे थांबा’ अशी खूण असावी. सुरेंद्र तो शब्द कधी उच्चारत नसत. त्या जागी ते नुसते थांबायचे आणि तेवढ्यापुरतं घर शांत व्हायचं. मार्थाबाई मात्र छापलंय ते सगळं वाचणाऱ्या. त्या ठणठणीत ‘सेला’ म्हणायच्या आणि भिंतीकडे वळलेली पाठ दरवेळी जराशी आक्रसायची.

एका सकाळी तेजस्विनीने पिशवीतून घडी केलेला जुना, जरीकाठी शेला काढला आणि सुरेंद्रच्या मांडीवर ठेवला.

“काकू, रागवायचं न्हाई,” ती म्हणाली. “रोज दारातनं ऐकते मी. तुमी वाचता वाचता शेला मागता आनि कुनी देतच न्हाई. आमच्याकडं पूजेत वस्त्र नसलं तर कापसाचं तरी वाहतात. काका म्हनूनच तोंड फिरवून बसत असतील, पूजा अर्धी राहती तर काय करनार? गोजाआजीला सांगितलं. तिनं हा आजोबांचा दिला. म्हनली, देवाच्या कामाला जातोय, ने.”

मार्थाबाईंनी पुस्तकातल्या कंसावर बोट ठेवलं. काय आणि कुठून समजवावं? तेवढ्यात भिंतीकडून घरघर ऐकू आली. त्यांना वाटलं, ठसका लागला. धावत गेल्या तर सुरेंद्र हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा एक जीव गेला होता म्हणतात. इथे ‘स’चा ‘श’ झाला आणि गेलेला माणूस भिंतीकडून परत वळला.

खरा प्रकार कळल्यावर तेजस्विनी ओशाळली. पण हुशार पोर, आणलेली वस्तू फुकट कशी जाऊ देईल? शेल्याचं एक टोक तिने सुरेंद्रच्या उजव्या मुठीला गुंडाळलं, दुसरं डाव्या हातात दिलं. त्यांना खिडकीपाशी उभं करून स्वतः मागे कमरेला आधार देऊन उभी राहिली. “वाचा काकू. तो शब्द आला की काका हात वर घेतील.”

मार्थाबाईंनी खुर्चीत बसून वाचायला घेतलं. ते स्तोत्र देवापुढे हात पसरणाऱ्या माणसाचं होतं, ज्याचा जीव कोरड्या जमिनीसारखा तहानला आहे त्याचं. किती वेळा ऐकलेलं, पण त्यात हात आहेत हे मार्थाबाईंना आजच दिसलं. वाचत वाचत त्या कंसाशी आल्या. सुरेंद्रनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आणि त्या पहिल्यांदा गप्प बसल्या.

त्या शांततेत शेला ताणला गेला. डावा हात वर निघाला आणि त्याच्यामागून उजवा, झोपेतून उठवलेल्या मुलासारखा, नको नको म्हणत. छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. धुक्यातून गाळलेलं ऊन जरीच्या काठावर पडलं. मार्थाबाईंना वाटलं, सगळी खोलीच पाण्यावर तरंगते आहे, भिंती हळूच लांब गेल्यात. खालून कुणी हाक मारत होतं, ती हाक अर्ध्यावरच विरली. शेला सुरेंद्रच्या डोक्यावर जाऊन थांबला.

“शाबास काका,” तेजस्विनी हळूच म्हणाली. “बास आता. खाली घ्या, दमाल.”

सुरेंद्रनी हात खाली घेतले नाहीत. मान मागे झुकली, डोळे मिटले. मग एका बाजूला जरासं झुकून, परत सरळ होऊन, ते जागच्या जागी डोलायला लागले. ओठ मिटलेलेच होते. मार्थाबाईंनी हे डोलणं ओळखलं. बोलता बोलता नवऱ्याचं अंग असंच हलायचं. आजवर त्यांना आवाजच ऐकू येत होता, इतकंच.

हा व्यायाम चालला नव्हता. मार्थाबाईंना इतका आनंद झाला की उठून त्यांना धरावं, पण धरलं तर मधेच तोडल्यासारखं होईल म्हणून त्या बसून राहिल्या. आमेन अगदी जिभेवर आलं होतं. पण कधी म्हणायचं? शब्द असले की शेवट कळतो. ह्याचा शेवट कुठे?

“अहो,” त्यांनी हळूच विचारलं, “झाली?”

सुरेंद्रनी डोळे न उघडता मान हलवली. नाही.

मार्थाबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि त्या हात जोडून वाट बघत राहिल्या.